टीसीएच करू की बी.एड.? (खानापूर तालुका, मराठी माध्यम, कन्नड कच्चं)

मलप्रभाकाठ
नमस्कार मंडळी. दोन वर्षं नुसतीच वाचत होते, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

मी खानापूर तालुक्यातली. सातवीपर्यंत गावची सरकारी मराठी शाळा, मग मराठी हायस्कूल, मग खानापुरात पीयूसी (म्हणजे अकरावी-बारावी) आर्ट्स. यंदा सेकंड पीयूसीला ७८ टक्के पडले. मला शिक्षिका व्हायचंय. दुसरं काही जमत नाही म्हणून नव्हे हं. चौथीत असल्यापासून गोठ्याच्या दारावर कोळशाने लिहून म्हशींना पाढे शिकवलेत. (म्हशी नापास.)

घरात डोकी तितकी मतं. बाबा म्हणतात टीसीएच (बारावीनंतरचा प्राथमिक शिक्षकाचा कोर्स) कर, दोन वर्षांत मोकळी होशील. बेळगावचा मामा म्हणतो बी.ए. करून बी.एड. कर, ते पहिलीपासून दहावीपर्यंत कुठंही चालतं. आत्याचा मुलगा शिनोळीच्या पलीकडे चंदगड तालुक्यात असतो, त्याचं म्हणणं महाराष्ट्रात ये, सगळं मराठीतून होईल. आणि शेजारचे काका म्हणतात, मराठी शाळा राहतायत कुठं, बँकेच्या परीक्षा दे.

मला स्वतःला धडकी भरते ती कन्नडची. अडखळत वाचता येतं, दुकानात, बसमध्ये बोलता येतं. पण कन्नडातून मानसशास्त्राचा पेपर? पोटात गोळा येतो. जाणकारांनी सांगा.

रेल्वेगेट
मामांचं ऐक. बी.एड. झालं की पहिली ते दहावी सगळं मोकळं. आमच्या गल्लीत टीसीएच झालेले तिघं आहेत. एकाचं मोबाईलचं दुकान, दोघं गोव्याला.

खडूफळा
रेल्वेगेट, ही माहिती शिळी झाली हो. याच माहितीपायी माझ्या ओळखीच्या चार मुलींची वर्षं गेली, म्हणून जरा लांबण लावते.

जून २०१८ मध्ये एनसीटीईने (शिक्षक-प्रशिक्षणाचे नियम ठरवणारी केंद्राची संस्था) बी.एड.वाल्यांना पहिली ते पाचवीला शिकवायची मुभा दिली होती. नेमणुकीनंतर सहा महिन्यांचा ब्रिज कोर्स करायचा, एवढीच अट. राजस्थान हायकोर्टाने ती रद्द केली आणि ११ ऑगस्ट २०२३ ला सुप्रीम कोर्टाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. म्हणणं असं की लहान मुलांना शिकवायचं कसब निराळं, ते डी.एल.एड.मध्ये शिकवतात, बी.एड.मध्ये नाही. त्यामुळे आज पहिली ते पाचवीसाठी पीयूसीनंतर डी.एल.एड. (आपल्या तोंडी अजून टीसीएचच) आणि टीईटीचा (शिक्षक पात्रता परीक्षेचा) पहिला पेपर लागतो. सहावी ते आठवीला पदवी, तिच्या जोडीला डी.एल.एड. किंवा बी.एड., आणि टीईटीचा दुसरा पेपर. नववी-दहावीला पदवी आणि बी.एड.; तिथे टीईटी नाही.

आता मामांचा रस्ता मोज. बी.ए. तीन वर्षं, बी.एड. दोन (२०१५ पर्यंत ते वर्षाचं होतं). पाच वर्षांनी हातात काय, तर सहावीपासून वरचे वर्ग. बाबांच्या रस्त्याने दोन वर्षांत पाचवीपर्यंतचे वर्ग, आणि नोकरी शोधता शोधता बाहेरून बी.ए. केलंस तर आठवीपर्यंतचे.

इथे दोन्हीचे प्रवेश बेंगळुरूच्या केंद्रीय प्रवेश कक्षातून होतात, मार्कांवर. महाराष्ट्रात बी.एड.ला आधी सीईटी.

चार वर्षांचा एकात्मिक कोर्सही आहे, पदवी आणि बी.एड. एकत्र. मैसूरची प्रादेशिक शिक्षण संस्था १९६३ पासूनची, तिथे असे कोर्स जुने आहेत. पण ते सगळं इंग्रजीतून, आणि घर सोडून मैसूर.

मलप्रभाकाठ
बाप रे. मामाला हे वाचून दाखवलं. तो म्हणाला 'कोर्टाला काय कळतंय'.

सातवीफायनल
बाळ, मी निवृत्त हेडमास्तर. नाव घेतलंय ते वडिलांच्या आठवणीने. मुंबई इलाख्यात सातवीची व्हर्नाक्युलर फायनल पास झाला की माणूस मास्तर व्हायचा, तसे ते झाले. ट्रेनिंगला पुढे गेले, आधी चार वर्षं शिकवून. माझं उलटं. आधी ट्रेनिंग, तेही मराठीतून, आणि मग आयुष्यभर 'हे ट्रेनिंगात सांगितलंच नव्हतं की' असं म्हणत काढलं.

बी.एड. का टीसीएच, हा प्रश्न तुला पडलाय तो सर्टिफिकिटाच्या बाजूने. तू पोरांच्या बाजूने बघ. सहा वर्षांचं पोर बरं वाटतं का चौदा वर्षांचं? सहा वर्षांच्याला शेंबूड पुसायचा, चड्डीची नाडी बांधायची, आणि 'क' काढताना त्याचा हात आपल्या हातात धरायचा. चौदा वर्षांचा तुझी परीक्षा घेतो. दोन्ही ज्याला आवडतं असा माणूस मला नोकरीत एकच भेटला.

दुसरं. कॉलेजात शिकवतात एक वर्ग, एक विषय, चाळीस मिनिटं. तुमच्या खानापूरच्या पश्चिमेला, जांबोटी-कणकुंबी-हेमाडग्याच्या अंगाला, पहिली ते पाचवी आणि मास्तर दोन. यात कुणाची चूक नाही, आरटीईचा, म्हणजे शिक्षणहक्क कायद्याचा, हिशेबच तसा आहे, साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक. पाच वर्ग भागिले दोन. हे गणित डोक्यात ठेवून तिकडे जा.

फॉर्म भरायच्या आधी एक काम कर. शाळा सुरू झाली की तुझ्याच जुन्या शाळेत हेडमास्तरांना विचारून आठ दिवस मागच्या बाकावर बस. शिकवू नकोस. वहीत फक्त लिही, कोण बोललं आणि कोण बोललं नाही. आठव्या दिवशी शाळा सुटताना अंग मोडून आलं असेल आणि तरी नवव्या दिवशी जावंसं वाटलं, तर मग आपण टीसीएचचं बोलू.

शिनोळीकर
महाराष्ट्राबद्दल लिहितो, कारण मी तो उंबरठा ओलांडलाय. मूळ बेळगाव तालुका, बी.एड. शिवाजी विद्यापीठाच्या एका कॉलेजातून, आता कोल्हापूर जिल्ह्यात.

महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या सीमाभागातल्या ८६५ गावांच्या यादीत तुझं गाव असेल तर मराठी भाषिक म्हणून तिकडच्या नोकरीला अर्ज करता येतो, डोमिसाईल आडवं येत नाही. पण ही सवलत म्हणजे राखीव जागा नव्हे, नुसतं रांगेत उभं राहायला मिळतं. रांग तर मोठी. टीईटी वेगळी, मग टीएआयटी (शिक्षक अभियोग्यता चाचणी), म्हणजे दोन तासांत दोनशे प्रश्न, आणि ते मार्क घेऊन भरतीच्या पवित्र पोर्टलवर पसंतीक्रम भरत बसायचं. लागलीस तर पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक, महिन्याला १६ हजार प्राथमिकला. २०२३ च्या आधी ते सहा हजार होते, तेव्हा आमचे मित्र लग्नाच्या पत्रिकेत 'शिक्षक' छापून शाळा सुटल्यावर दूध घालायचे.

आणि कर्नाटकची टीईटी तिकडे चालत नाही. केंद्राची सीटीईटी चालते. तिच्यात मराठी भाषा घेता येते, बाकीचे प्रश्न हिंदी-इंग्रजीत. म्हणजे तिच्या वाटेने कन्नड चुकवायला गेलीस तर हिंदी पुढ्यात. सगळं मराठीतून हे तुझ्या भावाने सांगितलेलं अर्धंच खरं.

निपाणीचा_वारा
लग्नाच्या पत्रिकेचं वाचून चहा सांडला.

आमच्याकडे चिकोडी शैक्षणिक जिल्हा वेगळा धरतात हे विसरू नका. महसुली जिल्हा बेळगाव एकच, पण शिक्षण खात्याला बेळगाव निराळं आणि चिकोडी निराळं. भरतीच्या जागाही वेगळ्या आणि माध्यमवार. जाहिरात आली की 'बेळगाव'चा रकाना बघून हताश होऊ नये, खालचा रकानाही वाचावा.

सीमावासी५६
या सगळ्या चर्चेत मूळ मुद्दा कुणी बोलतच नाही. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने ३५०-अ कलम आलं. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्याने करायची, असं त्यात लिहिलंय. मुलांना मराठीतून आणि त्यांच्या मास्तरणीला ट्रेनिंग कन्नडातून, ही कुठली सोय? आमचा सीमाप्रश्नाचा खटला २००४ पासून सुप्रीम कोर्टात पडलाय आणि इथे पोरी विचारतायत कन्नड कसं शिकू! आधी

धागापाल
सीमावासी, पुढचा मजकूर (सहा परिच्छेद) 'सीमाप्रश्न' विभागात हलवला आहे, तिथे जरूर वाचावा. ३५०-अ चा मुद्दा इथलाच आहे म्हणून ठेवलाय. मुलीने रस्ता विचारलाय, तिला रस्ता सांगू या.

तिसरी_घंटा
मी सांगते जमिनीवरचं. गेली तीन वर्षं अतिथी शिक्षिका आहे, तुझ्याच तालुक्यात, जंगलाच्या कडेला. गावाचं नाव विचारू नका.

टीसीएच झालंय, टीईटीही झालीय, भरती निघायची वाट बघतेय. तोवर हे. मानधन दहा हजार होतं, आता बारा. दर महिन्याला येतं असं मात्र नाही. गेल्या वर्षी गणपतीला जे यायचं ते दिवाळीनंतर आलं. तालुक्याच्या ऑफिसात विचारलं तर 'बिल वर गेलंय' म्हणतात. वर म्हणजे कुठे, हे अजून कळलं नाही. जूनमध्ये नेमतात, उन्हाळ्याच्या सुट्टीत आपण कुणीच नसतो, पुन्हा जूनमध्ये हेडमास्तर आणि एसडीएमसीपुढे (शाळेच्या समितीपुढे) उभं राहायचं.

पण ताई, वर्गाचं सांगते. आमच्या इथे नली-कली. १९९५ साली मैसूर जिल्ह्यात एच. डी. कोटे तालुक्यात हे सुरू झालं, २००९ पासून राज्यभर. पहिली, दुसरी, तिसरी एकाच खोलीत. पुस्तकाऐवजी कार्डं, आणि कुठल्या कार्डावरून कुठल्या कार्डावर जायचं त्याची शिडी भिंतीवर. मुलं पाच गटांत बसतात. एका गटाला मी पूर्ण वेळ, एकाला थोडा, बाकीची एकमेकांकडून किंवा आपली आपण. आम्हाला कॉलेजात हे तक्त्यावर दाखवलं होतं, गोल काढून, बाण काढून. बाण अगदी सरळ होते.

माझी खोली सांगते. सतरा मुलं. जुलै महिना, वर पत्रे, पाऊस असा की माझाच आवाज मला ऐकू येत नाही. तेव्हा बोलून शिकवायचं बंदच होतं. मी पहिल्या गटासमोर जमिनीवर बसते, वाळूच्या ताटात बोटाने अक्षर काढते. मुलगी माझं बोट बघते, मग तोंड बघते, मग काढते. पलीकडे तिसरीतला एक मोठा पोरगा दुसरीच्या दोघांना वजाबाकी सांगतो, ती चुकीची सांगतो. मला दिसतंय, पण उठले तर इकडचा 'म' अर्धा राहणार. उठायचं का बसायचं? दिवसातून चाळीस वेळा हाच प्रश्न. कुठल्याच पुस्तकात नाही.

मी बसले. जेवणाच्या सुट्टीत त्या पोराला बोलावून काजूच्या बिया मांडून घेतल्या. स्वतःच म्हणाला, 'बाई, मी त्यांना उलटं सांगितलं.' आणि पळत जाऊन दोघांना ओढत घेऊन आला.

सातवीफायनल
तिसरी_घंटा, बिया मोजायला आणल्या होत्यात का खायला?

तिसरी_घंटा
गुरुजी, आधी मोजल्या. :)

रेल्वेगेट
हे वाचून माझं मत बदललं नाही, पण गप्प बसतो. एक विचारतो, खासगी संस्थेत जागा असतात त्यांचं काय?

खडूफळा
असतात. अनुदानित हायस्कूलला भरतीची परवानगी मिळाली की जाहिरात येते, आणि जाहिरातीच्या आधी आकडा येतो. मला एका संस्थेत मुलाखतीत विचारलं होतं, 'तुमच्या घरची शेती किती?' मी विज्ञानाची तयारी करून गेले होते. यापुढे लिहीत नाही.

मलप्रभाकाठ, कन्नडबद्दल तुला कुणी नीट सांगितलं नाही, म्हणून माझी गोष्ट सांगते.

मीही मराठी माध्यमाची. आमचं कॉलेज राणी चन्नम्मा विद्यापीठाखालचं, व्याख्यानं कन्नड-इंग्रजीत. पहिले तीन महिने रडले. सूक्ष्म अध्यापन म्हणून प्रकार असतो. एकच कौशल्य धरायचं, म्हणजे फलकलेखन नाहीतर प्रश्न विचारणं, आणि सहा मिनिटांचा पाठ घ्यायचा. सहा मिनिटं चर्चा, बारा मिनिटं पुन्हा तयारी, परत सहा मिनिटं पाठ, परत सहा चर्चा. छत्तीस मिनिटांचं चक्र. विद्यार्थी म्हणून समोर आपल्याच मैत्रिणी, आठवीतल्या झालेल्या. प्रश्न विचारला की सगळ्यांचे हात वर! असा वर्ग मला पुन्हा कुठे दिसला नाही. तरी त्यातून एक शिकले. फळ्यावर लिहिताना मी सगळा फळा पाठीने झाकते हे मला मैत्रिणीने सांगितलं, नाहीतर जन्मात कळलं नसतं.

मग इंटर्नशिप. दोन वर्षांत मिळून वीस आठवडे शाळेत काढायचे असतात. मला बेळगाव तालुक्याच्या पश्चिमेची मराठी शाळा मिळाली, सातवीचा वर्ग, विज्ञान. टाचण कन्नडात लिहायचं, कारण तपासणाऱ्या मॅडमना मराठी येत नव्हतं, आणि पाठ मराठीत घ्यायचा. पाठ होता खोडाची आणि मुळांची रूपांतरं. टाचणात माझं लिहून तयार: बटाटा हे खोड, रताळं हे मूळ, गाजर मूळ, आलं खोड. तक्ता रंगवलेला. रात्री दोनपर्यंत जागून.

मी विचारलं, 'बटाटा जमिनीखाली, रताळंही जमिनीखाली, मग एक खोड आणि एक मूळ असं का?' टाचणात याच्यापुढे लिहिलं होतं, 'विद्यार्थी निरुत्तर होतील, शिक्षिका तक्ता दाखवील.' विद्यार्थी निरुत्तर झालेच नाहीत. मागून एक मुलगा उठला, बाही नाकाला लावत. म्हणाला, 'बाई, बटाट्याला डोळं असतात. डोळं बघून फोडी करायच्या आन् लावायच्या, डोळ्यातनं कोंब येतोय. रताळ्याला डोळं नसतात. रताळ्याचा येल लावतात.' दुसरी म्हणाली, 'आमी काल येलच तोडूलाव की.' आणि वर्ग सुटला. वेल किती बोटांचा तोडायचा, कुठल्या पेराला मुळी फुटते, सरीवर कसा लावायचा, पावसाने ओढ दिली तर काय. डोळा म्हणजे खोडावरचा अंकुर, म्हणून बटाटा खोड. पुस्तकात जे दोन ओळींत होतं ते त्यांच्या हातात होतं. मी तक्ता गुंडाळून ठेवला आणि फळ्यावर 'डोळा' असं लिहून त्याच्यासमोर पुस्तकातला शब्द लिहिला.

मॅडमनी शेरा दिला, 'पाठ टाचणाप्रमाणे झाला नाही.' खरंच होतं ते. संध्याकाळी मला त्यांना कन्नडात समजावून सांगावं लागलं की वर्गात काय घडलं. माझं मोडकं कन्नड. डोळ्याला 'कण्णु' म्हणाले, वेलाला 'बळ्ळी' म्हणाले. त्यांनी ऐकलं आणि म्हणाल्या, 'आमच्याकडेही बटाट्याला कण्णुच म्हणतात.' शेरा बदलला नाही, पण दुसऱ्या पाठाला त्या पुढच्या बाकावर येऊन बसल्या.

आता मी हायस्कूलवर आहे. अजून पाठाची तयारी करताना एक गोष्ट आधी कन्नडात मांडते, मग मुलांच्या मराठीत. दोन्हीकडे नीट मांडता आली तरच मला ती कळलीय असं धरते. तुझं कन्नड कच्चं आहे म्हणून तू घाबरतेस. मला वाटतं, कोर्स कुठला हे ठरवायच्या आधी तू कन्नडला हात घाल. कारण कोर्स कुठलाही केलास तरी इथे राहायचं तर टीईटीत भाषा एक मराठी मिळेल, पण मानसशास्त्र, गणित, परिसर हे प्रश्न कन्नड-इंग्रजीतच सोडवायचे. आणि २०१५ च्या कायद्याने प्रत्येक शाळेत कन्नड विषय आहेच. दोन शिक्षकांच्या मराठी शाळेत तो कोण शिकवणार? तूच.

कित्तूरकडचा
मी कन्नड मातृभाषेचा, बेळगावात शिकलो, मराठी वाचतो. लिहिण्यात चुका होतील, क्षमा.

ताई, मानसशास्त्राच्या पेपरला घाबरू नका. कन्नडातले शास्त्राचे शब्द संस्कृतातले आहेत, तुम्हाला येतातच. अभिप्रेरणा तिथे अभिप्रेरणे, मूल्यमापन तिथे मौल्यमापन, स्मृती स्मृतीच, व्यक्तित्व व्यक्तित्वच. अडतं ते क्रियापदाला आणि शेपटाला. 'आगुत्तदे', 'आगुवुदिल्ल' यातला फरक पाठ करा, नाहीतर 'होते' आणि 'होत नाही' उलटं वाचून मार्क जातील. माझ्या मराठी मित्राचे असेच गेले.

काही शब्द फसवे आहेत. 'अभ्यास' म्हणजे आमच्याकडे सराव. आणि 'उपाध्याय' म्हणजे मास्तर. हेडमास्तर म्हणजे मुख्योपाध्याय. माझ्या मराठी मित्राची आजी शाळेची पाटी कुणीतरी वाचून दाखवली तेव्हा म्हणाली होती, इथे सत्यनारायण करतात काय?

बोलायला शिकताना पुस्तकातलं कन्नड आणि आमच्या भागातलं वेगळं ठेवा. पुस्तकात 'कुळितुकोळ्ळि', आमच्याकडे 'कूड्री'. पेपरात पहिलं, पालक आले तर दुसरं.

हजेरीपट
सगळे तरण्या पोरांचं बोलूलालाय, आमचं पण ऐका की जरा. मी नोकरीत, वय ४७, टीईटी यायच्या आधी लागलेला. १ सप्टेंबर २०२५ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं, निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा जास्त राहिलीत त्यांनी दोन वर्षांत टीईटी पास व्हायची, नाहीतर नोकरी सोडायची. पाच वर्षांच्या आत असतील त्यांना नोकरी आहे, पण प्रमोशन नाही. मला तेरा राहिलीत.

दीडशे प्रश्न, दीडशे मिनिटं, साठ टक्के म्हणजे नव्वद मार्क. वीस वर्षांनी पियाजे आणि वायगॉट्स्की काढून बसलोय. संध्याकाळी मी आणि माझाच जुना विद्यार्थी, टीसीएच झालेला, एका टेबलावर अभ्यास करूलालोय. तो मला मानसशास्त्र सांगतो, मी त्याला गणित. काल म्हणाला, 'सर, तुमचं लक्ष नाही.' हेच वाक्य मी त्याला पाचवीत म्हणत होतो.

बायको दारातनं बघून हसूलालीय.

निपाणीचा_वारा
टीईटी सात वर्षांनी परत द्यावी लागते ना?

हजेरीपट
नाही रे. २०२१ पासून आजन्म. एकदा सुटलो की सुटलो.

मलप्रभाकाठ
(दीड महिन्याने परत आले.)

गुरुजी, आठ दिवस म्हणाला होतात, अकरा दिवस बसले. माझ्याच जुन्या शाळेत, माझ्याच जुन्या बाकावर. बाक लहान झालाय की मी मोठी झालेय, गुडघे वर येतात.

वहीत लिहिलंय. चौथीच्या एका तासात बाईंनी २३ प्रश्न विचारले. १६ पहिल्या दोन बाकांना. खिडकीजवळची एक मुलगी पाच दिवस एक शब्द बोलली नाही. बाईंना सांगावं का, कळेना. मी काय परीक्षा घ्यायला आले नव्हते. मग सहाव्या दिवशी डबा खाताना वही तशीच बाईंपुढे ठेवली. त्यांनी बराच वेळ वाचली. म्हणाल्या, 'ती घरी गवळी बोलीत बोलते गं, मला वाटायचं तिला समजत नाही.' सातव्या दिवशी बाईंनी तिला ढबू मिरची दाखवून विचारलं, 'हिला तुमच्याकडे काय म्हणतात?' तिने सांगितलं. फार हळू. पण पुस्तकात 'भोपळी मिरची' आहे, वर्ग म्हणतो 'ढबू', आणि तिचा तिसराच शब्द. तिन्ही फळ्यावर लिहिले. मला खडूफळा ताईंचा 'डोळा' आठवला.

अकराव्या दिवशी अंग मोडून आलं होतं. बाराव्या दिवशी पाऊस होता म्हणून गेले नाही, नाहीतर गेले असते.

ठरलं. डी.एल.एड. मामा अजून बोलत नाही माझ्याशी. कन्नड रोज एक तास, दुसरीच्या पुस्तकापासून. दुसरीतलीच एक कार्टी माझा 'ळ' सुधारते. 'आगुवुदिल्ल' पाठ झालंय.

आता एकच अडलंय. फॉर्मला ग्रामीण कोट्याचा दाखला जोडायचाय. दहावीपर्यंत खेड्यात शिकल्याचा. त्याच्यावर हायस्कूलच्या हेडमास्तरांची सही पुरते का बीईओंची (गटशिक्षणाधिकाऱ्यांची) पण लागते?

सातवीफायनल
दोन्ही. आधी हेडमास्तरांची सही आणि शिक्का, मग बीईओ ऑफिसात काउंटरसाइन. प्राथमिक शाळेचा दाखला वेगळा आणि हायस्कूलचा वेगळा, दोन्ही घे. झेरॉक्स दोन-दोन ठेव. आणि बाळ, सोमवारी जाऊ नकोस, मीटिंग असते. मंगळवारी अकराच्या आत जा, आणि त्या कारकुनाशी कन्नडात बोल.